जाळ्याचं शिसं

१

चॅपेलच्या माळ्यावर, ऑर्गनच्या मागे, भिंत आणि लाकूड यांच्यामध्ये एक माणूस कसाबसा मावेल एवढी जागा आहे. तिथे एक स्टूल, एक लांब लाकडी दांडा, आणि वरच्या चाकावरून खाली सोडलेली एक दोरी. दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा. हा गोळा आमच्या जाळ्याचा. मूळचा पितळी गोळा कधीतरी हरवला, तेव्हा माझ्या दादूसने, थोरल्या भावाने, आमच्या जुन्या जाळ्याचं शिसं तोडून तिथे बांधलं. गाठसुद्धा आमचीच, जाळ्याची.

नाटकवाल्यांची पायपेटी असते तसला हा ऑर्गन नाही. ह्याला माणसापेक्षा उंच नळे आहेत. वाजवणारा पुढे बसतो, हातापायांनी सूर उघडतो, पण हवा त्याला देता येत नाही. हवा मागून द्यायची. दांडा दाबला की आतला कातड्याचा मोठा भाता भरतो आणि शिसं खाली येतं. वाजवणारा हवा खातो तसा भाता बसतो आणि शिसं वर चढतं. भिंतीवर कोळशाच्या दोन रेघा आहेत. शिसं त्या दोन रेघांमध्ये ठेवायचं. वरच्या रेघेपुढे गेलं की ऑर्गन रडायला लागतो, आणि मग पुढून वाजवणाऱ्या ग्राशियन मास्तरच्या शिव्या येतात.

आम्ही वेसाव्याचे कोळी. आमचा आणि ऑर्गनचा काय संबंध? पण शुक्रवारी ख्रिस्ती लोक मटण खात नाहीत, मासळी खातात. म्हणून दादूस शुक्रवारी पाटी घेऊन अंधेरीच्या पलीकडे, आरेच्या रस्त्याला लागण्याआधी जी त्यांची गावठाणं आहेत, तिथे जायचा. तिथल्या टेकाडावर हे चॅपेल. मास्तरने त्याचे दंड पाहिले आणि विचारलं, वल्हं मारतोस ना, मग माझा भाता मारशील का? दादूस हो म्हणाला. त्याला काहीही विचारलं तरी तो हो म्हणायचा.

दिवाळीनंतर एका दुपारी तो त्याच स्टुलावर बसल्या बसल्या मेला. हात दांड्यावर होते. डॉक्टर म्हणाले, काळीज थांबलं. एवढा वल्हं मारणारा माणूस, त्याचं काळीज कसं थांबेल, असं मी विचारलं तर म्हणाले, थांबतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या स्टुलावर जाऊन बसलो. का, ते सांगतो.

२

दादूसच्या दहाव्याला कावळा शिवेना.

वेसाव्यात कावळ्यांना काय तोटा? बोंबील वाळत टाकले की काठी घेऊन बायका बसवाव्या लागतात. त्या दिवशीही होते. बोंबील टांगायच्या बल्ल्यांवर ओळीने बसले होते, होड्यांच्या कडांवर बसले होते. पिंड वाळूत मांडलेला, त्यावर भात, बाजूला दादूसला आवडायचं म्हणून तळलेलं पापलेट. एकही कावळा खाली उतरला नाही. ऊन डोक्यावर आलं.

"हरेश्वरा," आमचा तुळशीदास काका दादूसचं नाव घेऊन, हात जोडून म्हणाला, "बाळूचं शिक्षण मी बघतो. जीव अडकवू नको."

कावळे बसूनच.

"सगुणाला मी पोरीसारखी ठेवीन रे," आय म्हणाली. वहिनी तिच्या मागे उभी होती, पदर तोंडात धरून. बाळू, दादूसचा पोरगा, तिच्या कडेवर. त्याला कावळे मोजता येत नव्हते तरी तो बोट दाखवून मोजत होता.

काही नाही. भटजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाच्या काड्या हातात घेतल्या. कावळा नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात, आणि सगळे घरी जातात. त्यात काही वाईट नाही, चालतं. काकाने मान हलवली. भटजींनी काड्या वळायला घेतल्या.

मला ते बघवेना. माझ्या दादूसला गवताचा कावळा? मी पुढे धावलो, गुडघ्यावर पडलो, आणि ओरडलो, "दादूस, तुझं जे काम अर्धं राहिलंय ते मी पुरं करीन! काय असेल ते! माझ्या जिवाची शपथ!"

माझं बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा आला. एकच. पापलेटाकडे त्याने पाहिलंही नाही. सरळ पिंडावर चोच मारली, आणि मग तिथेच उभा राहून माझ्याकडे बघत राहिला.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. फक्त काका मला बाजूला घेऊन म्हणाला, "काय काम राहिलंय ते माहीत तरी हाय का तुला, येड्या?"

माहीत नव्हतं. पण दादूस कुठे मेला ते माहीत होतं.

३

"तूच का तो भाऊ?" ग्राशियन मास्तर म्हणाला. म्हातारा, पाठीत वाकलेला, पायांत बूट असे मऊ की चालताना आवाज येत नव्हता. "दंड बघू. हं. त्याच्यापेक्षा बारीक आहेस."

"त्याच्यापेक्षा लवकर उठतो," मी म्हणालो.

"उठून काय करतोस? मला भाता मारणारा पाहिजे, कोंबडा नको."

मी त्याला सरळ विचारलं, माझ्या दादूसचं इथे काय राहिलं? त्याने आपली बोटं चोळली. बोटांचे सांधे सुजले होते. मग म्हणाला, "सोनाटा राहिला."

सोनाटा म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. तीन भागांचं एक लांबलचक वाजवणं. शंभर वर्षांपूर्वी कुठल्याशा जर्मन पोराने लिहिलेलं, तोही ऐन तरुणपणी मेला. गाणं नाही, कोणी गात नाही. मास्तर म्हणाला, "पहिल्या भागात माणूस चालतो. दुसऱ्यात बसतो. तिसऱ्यात पळतो."

"कोणाच्या मागे?"

"मागे नाय रे. पुढे. त्याच्या मागे कोणीतरी असतं."

मास्तरला तो आयुष्यात एकदा सबंध वाजवायचा होता. नाताळानंतर हा ऑर्गन मोडायचा असं फादरनी ठरवलं होतं. लाकडाला वाळवी लागली होती आणि विजेची मोटर बसवायला चॅपेलकडे पैसे नव्हते. दादूस आणि मास्तर दोघे दुपारी त्याचाच सराव करायचे. तिसऱ्या भागात दादूस गेला.

म्हणजे राहिलं ते हे. मी खूश झालो, खोटं कशाला सांगू. मला वाटलं होतं, काहीतरी भलतं निघेल, न फेडता येणारं. हे तर दांडा दाबण्याचं काम.

पहिल्या दिवशी वाट लागली. मी खांद्याने दाबत होतो. शिसं वरच्या रेघेपार गेलं आणि सगळे नळे बुडत्या बैलासारखे ओरडले. "कमरेने, मेल्या, कमरेने!" मास्तर पुढून ओरडला. "तुझ्या भावाला एकदाच सांगितलं होतं!"

मग मी डोळे मिटले आणि होडीत बसलोय असं धरलं. आमच्या होडीत दादूस पुढच्या फळीवर, मी त्याच्या मागे. लहानपणापासून मी त्याची पाठ बघत वल्हं मारलं. पाठ वाकली की वाकायचं, सरळ झाली की सरळ. डाव्या खांद्यावर दोरखंडाचा काळा वळ. डोळे मिटले की तो वळ दिसायचा. तसं केल्यावर शिसं दोन रेघांमध्ये शहाण्यासारखं राहिलं.

४

दुसरा भाग हळू आहे. हवा इतकी थोडी लागते की दांडा दाबून थोडं थांबता येतं. मी तेव्हा शिशाकडे बघत बसायचो. ते मुंगीच्या चालीने वर चढायचं.

एक दिवस मास्तर मधेच थांबला. त्याला खोकला आला, तो खाली पाणी प्यायला गेला. त्याची काठी लाकडी जिन्यावर उतरत गेली, मग बाहेरच्या फरशीवर, मग ऐकू येईना. आरेचा दुधाचा ट्रक टेकाडाखालून गेला. मी हात दांड्यावरून काढले आणि घाम पुसला.

शिसं खाली आलं.

वाजवणारा नसेल तर हवा खर्च होत नाही. भात्याचं कातडं जुनं, थोडी हवा झिरपते, तेव्हा शिसं अगदी हळू वर जातं. वर. खाली यायचं तर कोणीतरी दांडा दाबला पाहिजे. मी दांड्याकडे पाहिलं. तो स्थिर होता.

शिसं वर गेलं. थोडंसं, दोन बोटं. मग खाली आलं. मग वर.

मी म्हटलं, वारा. भिंतीत एक चिरेएवढी खिडकी आहे, तिच्यात मी माझा सदरा कोंबला. शिसं हलतच होतं. मी म्हटलं, उंदीर. आतल्या फळ्यांवर थापा मारल्या, कान लावला. उंदीर पळण्याचा आवाज आला नाही. मी दांडा वर उचलून त्याच्याखाली स्टूल घुसवलं, म्हणजे तो हलूच शकणार नाही. शिसं हलतच होतं. चाक गंजलंय, दोरी पीळ सोडतेय, असंही म्हणून पाहिलं. पण दोरी पीळ सोडते तेव्हा गोळा फिरतो. हा फिरत नव्हता. सरळ वर, सरळ खाली.

मास्तरची काठी परत जिन्यावर वाजली तेव्हा ते थांबलं.

"काय रे, सदरा कुठे गेला तुझा?" मास्तर म्हणाला. "देवाचं घर आहे हे, बंदर नाय."

मी सांगितलं नाही. काय सांगणार? तो तसाच पुढे जाऊन बसला आणि त्याने लाकडावर दोनदा टकटक केलं. म्हणजे हवा दे.

५

त्यानंतर मी मास्तरच्या आधीच यायला लागलो. पाटी खाली फरशीवर ठेवायची, माळ्यावर जायचं, भाता भरायचा, हात बाजूला घ्यायचे आणि बघत बसायचं. रोज हलायचं असं नाही. पण हललं की त्याला एक चाल होती. ती चाल मला दुसऱ्या की तिसऱ्या वेळेला कळली. दोन सरळ. तिसऱ्याला मधेच अडकून मग वर.

लहानपणी दादूसला छातीचं दुखणं झालं होतं. तेव्हापासून त्याचा श्वास तसा होता. दोन सरळ, तिसरा अडकून. त्याचं लग्न होईपर्यंत मी त्याच्या शेजारी झोपलो. पत्र्यावर पाऊस, बाहेर भरती, आणि कानाजवळ हे. तो श्वास मी चुकणार नाही. हजार माणसांत ओळखीन.

मी तिथे स्टुलावर बसून रडलो. भीती वाटायला हवी होती, पण भीती नाही वाटली. बरं वाटलं. दादूस झोपलाय, असं वाटलं. आतमध्ये, कातड्याच्या उबेत, कुशीवर झोपलाय. मी त्याच्याशी बोलायला लागलो. बाळूला दाढ आली, काकाने होडीला रंग दिला, पापलेट पडलं नाही यंदा. शिसं ऐकल्यासारखं वर जायचं, खाली यायचं.

मग मी लबाडी सुरू केली. तिसरा भाग आला की कुठेतरी चुकायचं. दम लागला म्हणायचं, हात धरला म्हणायचं. कारण एक गोष्ट मला कळली होती. तिसरा भाग हवा फार खातो. मास्तर त्या भागात शिरला की शिसं उड्या मारत वर जायचं आणि दुसऱ्या दिवशी ती हालचाल फार बारीक असायची. म्हणजे त्याचाच श्वास खर्च होत होता. सगळा भाग वाजला तर काय उरेल?

शपथ एकीकडे होती आणि दादूस एकीकडे. मी दादूस धरला. नाताळ जवळ येत होता, त्याचा विचार मी केला नाही.

घरी वहिनीने विचारलं, "भाऊजी, तुम्ही तिथे रोज काय करता? होडीवर जात नाय. मासळी विकत नाय, तशीच परत आणता."

मला गुपित ठेवता येत नाही. मी तिला सांगून टाकलं. वाटलं, तिलाही बरं वाटेल.

६

ती आली. दादूसची पाटी चॅपेलमध्येच राहिली होती, ती आणायला म्हणून आयला सांगून आली. बाळूला आयजवळ ठेवलं. मास्तर यायला वेळ होता. मी तिला स्टुलावर बसवलं, भाता भरला, आणि मागे सरकलो.

बराच वेळ काही नाही. टेकाडाखाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग शिसं हललं.

मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. पहिल्यांदा तिने हात पुढे केला, जसा झोपलेल्याच्या छातीवर ठेवतात तसा, शिशाला न लावता हवेतच धरला. दोन सरळ, तिसरा अडकून. तिने मान हलवली. ओळखलं.

"झोपलाय ना?" मी म्हणालो.

ती ऐकत राहिली. मग हळूच हात मागे घेतला आणि लुगड्यात गुंडाळला, चटका बसल्यासारखा.

"झोपेत त्यांचा श्वास असा नसतो, भाऊजी."

"असाच असतो. मी त्याच्या शेजारी झोपायचो."

"मी पण झोपले." ती उभी राहिली. "झोपेत शेवटी एक सुस्कारा असतो. ह्यात बघा, तो नाय. हा श्वास मला माहीत हाय. उलट्या वाऱ्यात वल्हं मारून घरी यायचे, दारात बसायचे आणि पाणीसुद्धा मागता यायचं नाय, तेव्हाचा हा श्वास." तिने शिशाकडे बोट केलं. "ते झोपलेले नाय रे. ते अजून काम करतायत."

मी काहीतरी बोलायला गेलो. ती मला धरून गदागदा हलवायला लागली. दादूसच्या मरणाच्या दिवशीसुद्धा तिने मला हात लावला नव्हता.

"तू गप्पा मारतोस त्यांच्याशी? बसून? आणि ते तिथे... उतरव त्यांना. शपथ घेतलीस ना तू? सगळ्या गावासमोर घेतलीस ना? मग उतरव!"

जाताना तिने पाटी नेली नाही. मी नंतर पाहिलं, पाटी दारातच पडली होती.

७

मी मास्तरला म्हटलं, आज पुरं करू. त्याने मला खाली बसवलं आणि पहिल्यांदाच नीट बोलला.

"तुझा भाऊ गेला ना, तेव्हा मला आधी कळलं ते कानांनी. दांड्याचा आवाज मला पुढे येतो, खट्, खट्. तो थांबला. मी म्हटलं, आता हवा जाईल." त्याने ओठ चाटले. "नाय गेली. अर्धं पान मी तसाच वाजवत होतो. मागे दांडा बंद, आणि हवा अशी की तशी कधी आली नव्हती. मग मी घाबरलो आणि हात उचलले."

"उचलले नसते तर?"

"तर त्याच दिवशी पुरं झालं असतं." तो उठला. "एक ध्यानात ठेव. आज मी हात उचलणार नाय. काहीही झालं तरी."

दुपार होती. चिरेसारख्या खिडकीतून उन्हाची एक पट्टी दांड्यावर पडली होती. टकटक झाली.

पहिला भाग चालला. दुसरा बसला. दुसऱ्या भागात मी शिशाला हात लावला आणि म्हणालो, "दादूस, झालंच आता." गोळा गार होता, पण ओला. समुद्रातून काढल्यासारखा.

मग तिसरा.

मला सूर कळत नाहीत. मी एवढंच सांगतो की जमीन हलत होती. जाड नळ्यांचे आवाज पायांतून वर येत होते आणि बारीक नळ्यांचे दातांत शिरत होते. मास्तर पळत होता, आणि त्याच्या मागे जे होतं ते त्याच्यापेक्षा मोठं होतं. शिसं वर चढायला लागलं. मी कमरेने दाबलं. चढलं. मी सगळ्या अंगाने दाबलं, पाय भिंतीला लावून. वरची रेघ आली. माझे हात बधिर झाले, तोंडात रक्ताची चव आली, आणि माझ्या हातांची चाल सुटली. मी दोन वेळा दाबायचं चुकलो.

हवा गेली नाही.

दांडा वर-खाली होत होता. मी त्याला दाबत नव्हतो. माझे हात त्याच्यावर नुसते होते, आणि तो त्यांना घेऊन जात होता.

ऑर्गनच्या मागच्या फळीत वाळवीने एक फट केली आहे, बोटभर. तिच्यातून मी कधी पाहिलं नव्हतं, कारण आत अंधार असतो. त्या दिवशी दांड्यावरची उन्हाची पट्टी सरकून त्या फटीवर आली होती. मी पाहिलं.

पाठ होती.

वाकत होती, सरळ होत होती. डाव्या खांद्यावर काळा वळ. घामाने की पाण्याने चमकत होती. पाठीच्या पुढे काय होतं ते दिसलं नाही. फार खोल होतं, एवढंच कळलं, आमच्या भात्यापेक्षा खूप खोल. आणि पाठीच्या मागे, माझ्या बाजूला, एक फळी रिकामी होती. आमच्या होडीत माझी असते ती.

मास्तरने शेवटचा सूर धरला. सगळे नळे एकदम. पाठ सरळ झाली. पुन्हा वाकली नाही. खांदे खाली आले, सैल झाले, आणि मला कातड्याच्या आतून एक लांब सुस्कारा ऐकू आला. मग पाठ वळायला लागली.

मी डोळे मिटले. तो माझा दादूस होता, आणि मी डोळे मिटले.

८

"झालं," मास्तर म्हणाला. तो रडत होता. जिन्याखाली फादर उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. तेही डोळे पुसत होते. म्हणाले, हा ऑर्गन मोडायचा नाही. वाळवीला औषध मारू. भाता मारायला माणूस तर आहेच.

मी माळ्यावरच होतो. फटीतून पाहिलं तर काळोख आणि धूळ. शिसं वरच्या रेघेपलीकडे लटकत होतं, स्थिर. भाता रिकामा. मी बराच वेळ बघितलं. दोन सरळ नाही, तिसरा नाही. दादूस गेला होता. सुटला होता. मी स्टुलावर बसलो, छाती भरून श्वास घेतला.

शिसं खाली आलं.

मी श्वास सोडला. शिसं वर गेलं.

पुन्हा घेतला. खाली. मला दम लागला होता, श्वास भराभर चालला होता, शिसंही भराभर चाललं होतं. मी तोंड दाबून श्वास रोखला. शिसं जागच्या जागी थांबलं, आणि थरथरत राहिलं, जसा मी थरथरत होतो.

मी पळालो. परत गेलो नाही. त्या रविवारी मी वेसाव्यात होतो, काकाबरोबर जाळं शिवत. सकाळी, त्यांच्या प्रार्थनेच्या वेळेला, माझ्या छातीतली हवा एकदम ओढली गेली. मी वाळूवर आडवा झालो. काका म्हणाला, ऊन लागलं. ऊन नव्हतं. ते थोडा वेळ थांबायचं, मग पुन्हा ओढायचं. गाण्याची कडवी असतात तसं.

सोमवारी ग्राशियन मास्तर काठी टेकत आमच्या दारात आला. इतक्या लांब तो कधी आला नव्हता. पाणी प्याला आणि हळूच म्हणाला, "काल भात्यावर कोण होतं? मी टकटक केली आणि हवा आली. मला वाटलं, तू आलास. मागे जाऊन पाहिलं तर कोणी नाय."

मी त्याला सांगितलं, वाजवू नका. तो आपल्या सुजलेल्या बोटांकडे बघत राहिला. "फादरनी नाताळाला पुन्हा सोनाटा मागितलाय," तो म्हणाला. "मी नाय म्हटलं तर दुसरा कोणी वाजवेल." मी ओरडलो, तिसऱ्या भागाच्या आधी थांबा तरी. तो उठून गेला.

तेव्हापासून मी मोजून श्वास घेतो. घरात सगळ्यांना वाटतं, दादूसच्या दुःखाने खंगलाय. वहिनी तेवढी बघते. काल तिने बाळूला माझ्या मांडीवर बसवलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. माझा तिसरा श्वास अडकायला लागलाय, हे तिलाही कळलं असणार.

मी तिला म्हटलं, "वहिनी, माझं लग्न नाय, पोरं नाय. माझा पिंड बाळूच ठेवील."

"असं बोलू नका, भाऊजी."

"ऐक. त्याला आत्तापासून सांगून ठेव. मोठा होईल तो, माझ्यासारखा नको होऊ दे. कावळा शिवला तर शिवला. नाही शिवला तर ऊन होऊ दे, संध्याकाळ होऊ दे. भटजींना दर्भ वळू दे. गवताचा कावळा चालतो मला." बाळू माझ्या छातीवर कान लावून हसत होता, त्याला आतला आवाज मजेशीर वाटत होता. मी त्याचं डोकं हळूच बाजूला केलं. "माझं काय राहिलंय ते कोणी विचारायचं नाही. आणि तोंडातून एक शब्द काढायचा नाही. कोणीही."